नावातला क्ष

माझ्या नावात क्ष आहे. गावच्या मराठी शाळेत त्याचा कधी प्रश्न आला नाही. दहावीच्या गुणपत्रकावर कन्नडच्या वळणानं त्याचा 'केएस' झाला, आणि पासपोर्ट काढताना घरच्या सवयीनं मी 'एक्स' लिहिला. जन्मगावाचं तसंच. जुन्या कागदांवर 'बेलगाम', १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं ठरलं, तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचा अर्ज भरायला घेतला आणि सगळे कागद कॉटवर मांडले, तेव्हा पोटात गोळाच आला. एकाच मुलीची दोन नावं, दोन गावं.

खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या मुली फोन करून विचारतात, "ताई, क्लास कुठला लावू?" क्लास नंतर. आधी सगळ्या कागदांवर नाव एक करून घ्या. मी नर्सिंग रजिस्ट्रेशनवरचं स्पेलिंग पक्कं धरलं आणि पासपोर्ट त्याप्रमाणे बदलून घेतला. बाकीच्या कागदांसाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं. गावाचं नाव सरकारनंच बदललेलं, तिथं काही अडलं नाही. आपल्या कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलच्या पडताळणीसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बसून दोनदा बंगळूरला गेले. दुसरी खेप माझ्याच विसरभोळेपणामुळं पडली, मूळ मार्कलिस्ट घरी राहिली होती. तुम्ही मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि दोन्ही फाईली बरोबर न्या.

इंग्रजीच्या परीक्षेसाठी सर्वसाधारण आयईएलटीएस किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची ओईटी, दोन्ही चालतात. मी ओईटी घेतली, कारण त्यात सगळं दवाखान्यातलंच असतं. वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ३५० आणि लिहिण्यात ३०० लागतात. पहिल्या खेपेला लिहिण्यात २९० मिळाले. दहा गुणांनी गेलं. त्या संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही.

लिहिण्याच्या पेपरात पेशंटची टिपणं देतात. पाच मिनिटं ती वाचायला, मग चाळीस मिनिटांत त्यावरून पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांत. मी टिपणांतलं सगळंच्या सगळं पत्रात कोंबलं होतं. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी माझं सरावाचं पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, सकाळी हँडओव्हर देतेस तेव्हा त्याचं लहानपणीचं टॉन्सिलचं ऑपरेशन सांगतेस काय? पुढच्या पाळीच्या बाईला आज काय लागतंय, तेवढं सांग की." तिथं माझे डोळे उघडले. त्या दिवसापासून पत्र लिहायच्या आधी स्वतःला विचारायचे, हे वाचणारी बाई पेशंटच्या खाटेशी उभी राहिली तर पहिलं काय बघेल? दुसऱ्या खेपेला पास झाले.

बोलण्याच्या भागाची मात्र मला भीती वाटली नाही, आणि त्याचं श्रेय मी बेळगावलाच देते. आमच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू, कधी गोव्याहून आलेलं कोकणी कुटुंब. "दुखतंय काय हो आजी?" म्हणायचं आणि दोन पावलांवर तेच कन्नडमध्ये, "नोयस्तैतेन्री?" ज्या भाषेत आपण कच्चे असतो, तिच्यात साधे शब्द वापरावे लागतात, समोरच्याचं तोंड बघत बोलावं लागतं, समजलं का ते विचारावं लागतं. ओईटीच्या बोलण्यात नेमकं तेच तपासतात. सीमाभागातल्या मुलींनी इंग्रजीला बिचकू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढची पायरी सीबीटी, संगणकावरची परीक्षा. आमच्याकडं सीबीटी म्हणजे बेळगावचं बसस्टँड, त्यामुळं आईला बरेच दिवस कळेना मी तिथं कसला अभ्यास करते. गणिताचे १५ प्रश्न अर्ध्या तासात, मग नर्सिंगचे १०० प्रश्न अडीच तासांत. गणितं अवघड नसतात, पण रोज हातानं सोडवा. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं, २० थेंबांना एक मिलीचा सेट. म्हणजे दहा हजार थेंब, भागिले २४० मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. वॉर्डात घड्याळ धरून थेंब मोजलेत ना आपण, तेच.

मधेच एका एजंटानं 'प्रोसेसिंग'चे म्हणून दीड लाख मागितले. वडील सोनं गहाण ठेवायला निघाले होते. ब्रिटनच्या नियमांत नोकरी लावून देण्यासाठी नर्सकडून पैसे घेताच येत नाहीत. परीक्षांची फी वेगळी, ती भरावी लागते. पण नोकरीचे पैसे कुणी मागितले, तर तिथून उठून या.

टीबीचा एक्स-रे, व्हिसा हे सुरळीत झालं.

खरी कसोटी तिकडं पोचल्यावर, ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा. नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची. दहा स्टेशनं, म्हणजे दहा वेगवेगळी कामं, प्रत्येक ठिकाणी परीक्षक वही घेऊन. औषध देण्याच्या स्टेशनवर मी हात धुतले, नाव आणि जन्मतारीख विचारली, मनगटाचा पट्टा वाचला, चार्ट तपासला. कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे चार्टवर बघितलं आणि तोंडानं विचारलं नाही. तेवढ्यावर ते स्टेशन गेलं. इथं आपण बरंचसं नजरेनं करतो, दहा वर्षांचा हात असतो. तिथं पेशंटला विचारलेलं ऐकू आलं पाहिजे. आणि मला ते पटलं. चार्ट चुकू शकतो, पेशंटला स्वतःचं माहीत असतं. राहिलेल्या स्टेशनसाठी अर्धी फी भरून पुन्हा बसले. मधले आठवडे भाड्याच्या खोलीत उशीला पेशंट करून मोठ्यानं विचारत होते, रोज, झोपायच्या आधी. दुसऱ्या खेपेला सुटले.

आता हुक्केरीची एक मुलगी सीबीटी देते आहे. मी तिला थेंबांची गणितं पाठवते, ती रात्रपाळीत सोडवून वहीचा फोटो पाठवते. काल दहातली नऊ बरोबर होती. चुकलेल्यात तिनं तासांची मिनिटं केली नव्हती. तेवढं लाल पेनानं गोल करून पाठवलं.