सीझन संपला की कोपरखैरण्याचा मेळावा

आमच्या गावकी मंडळाचा मेळावा दरवर्षी संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या रविवारी कोपरखैरण्यात असतो. सकाळी सत्यनारायण, मग पोरांचे गुणगौरव, बायकांचं हळदीकुंकू आणि जेवायला घेवड्याची आमटी-भात. सातारा-जावळीकडच्या कितीतरी गावांची अशी मंडळं नवी मुंबईत आहेत, घाऊक मार्केट मशीद बंदरहून तुर्भ्याला आलं तशी आमची माथाडी माणसंही इकडं आली आणि कोपरखैरणे, घणसोली हेच दुसरं गाव झालं.

पण मला या मेळाव्याची ओढ लागली ती कासमुळे. आमचं गाव रानफुलांसाठी नावाजलेल्या कास पठाराच्या अंगाला, साताऱ्यापासून वर पंचवीसेक किलोमीटर. कॉलेज झाल्यावर काही वर्षं मी ऑगस्टअखेर गावी जायचो ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत पठारावरच कामाला. आजूबाजूच्या गावांची वनसमिती आहे, ती वनखात्याबरोबर सगळं बघते, तिकीट, पार्किंग, साफसफाई, गाईड, आणि कामाला गावातलीच पोरं आणि बायका. २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं आणि शनिवार-रविवारी नुसती रीघ लागायला लागली.

लोक गाडीतून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, "फुलं कुठायत?" कारण फोटोत बघितलेलं असतं गुलाबी-पिवळं गालिच्यासारखं, आणि पायाखाली काळा कातळ, त्यावर इंचभर माती, वरून धुकं. माझी आत्या तिथं गाईडचं काम करायची. ती काही न बोलता छत्री मिटून खाली उकिडवी बसायची आणि म्हणायची, "आवं, वाका की जरा." मग दिसायची सीतेची आसवं, ओल्या कातळावर करंगळीच्या नखाएवढी जांभळट फुलं, दाटीवाटीने उभी. ती सांगायची की या मातीत कस नाही म्हणून हे रोप मुळाशी बारीक बारीक पिशव्या ठेवतं आणि पाण्यातले किडे धरून खातं. हे ऐकलं की शहरातली पोरं तिथनं हलायची नाहीत. पुढं तेरडा, सोनकी, गेंद, तळ्यात कुमुदिनी, आणि नशीब असेल त्या वर्षी सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी. साडेआठशेच्या वर जातींची फुलझाडं आहेत या पठारावर. दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतो, त्यामुळे मागच्या आठवड्यात आलेला माणूस आणि या आठवड्यातला माणूस, दोघांनी वेगळंच कास बघितलेलं असतं.

एका वर्षी मेळाव्याला आत्या गावाकडनं आली होती. मंडळातल्या पोरांनी प्रोजेक्टर लावला, सीझनचे फोटो दाखवायचे म्हणून, आणि माईक दिला तिच्या हातात. ती पठारावर बोलते तशीच बोलली, एकेक फूल घेऊन, कुठं उगवतं, कधी येतं, कोण पायाखाली तुडवतं ते सगळं. आणि मग मागच्या खुर्च्यांवरनं म्हातारी माणसं बोलायला लागली. आयुष्यभर तुर्भ्यात पोती वाहिलेली माणसं, पण लहानपणी सगळ्यांनी त्या सड्यावर, म्हणजे पठाराच्या कातळावर, गुरं राखलेली. एक आजोबा उठून म्हणाले, "आमच्या टायमाला गुरं चरायची, गवत बुटकं राहायचं, म्हणून बारक्या फुलाला ऊन मिळायचं." तेव्हा पठाराला जाळीचं कुंपण होतं, चराई बंद होती आणि गवत माजलंय अशी चर्चा सीझनमध्ये आम्ही रोज ऐकत होतो, अभ्यासकही तेच म्हणत होते. ती जाळी पुढं काढली. पण त्या दिवशी हॉलमध्ये ते आजोबा बोलत होते आणि आत्या माईक खाली ठेवून त्यांना विचारत होती, गुरं कुठल्या महिन्यात वर न्यायचे, कुठल्या बाजूला चवर, म्हणजे ते हळदीसारखं पांढऱ्या फुलांचं रोप, जास्त यायचा. जेवणाच्या पंगती तासभर लांबल्या, कोणाची तक्रार नाही.

मला तर वाटतं पठाराची खरी माहिती असलेली निम्मी माणसं इथं नवी मुंबईत राहतात. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. तेव्हापासून मेळाव्यात गुणगौरव झाला की पठाराच्या गप्पांना वेळ ठेवतात, आणि गावाकडनं सीझनला राबलेल्या बायका आल्या की त्यांचा साडी-चोळी देऊन सत्कार असतो, तोही आधी, पाहुण्यांच्या भाषणाच्या आधी. हे मला फार आवडतं. पावसात दिवसभर उभं राहून प्लास्टिकच्या बाटल्या वेचणाऱ्या बाईचं नाव माईकवर घेतलं जातं आणि तिची घणसोलीत वाढलेली नातवंडं टाळ्या वाजवतात.

यंदाच्या मेळाव्यात ठरलंय की सप्टेंबरमध्ये मंडळाची बस काढायची, पण शनिवार-रविवार अजिबात नाही, मधल्या वारी, म्हणजे गर्दीत भर पडणार नाही. मुक्काम गावातच, घराघरांत. आणि जे आजोबा-आज्या येऊ शकतात त्यांना पुढच्या सीट, कारण पठारावर पोरांना फिरवायचं काम त्यांच्याकडंच दिलंय.