वाइन नाही हो, व्हाइन स्ट्रीट!

ताईकडे एलएला पंधरा दिवस होते, त्यातले बीच, मॉल आणि डिस्नीच्या रांगा सांगत बसत नाही, सगळ्यांचे फोटो तेच असतात. मला एकच गोष्ट बघायची होती, मूकपटांच्या काळातला जपानी हिरो सेस्यू हायाकावा याचा तारा.

हॉलिवूड बुलेव्हार्ड म्हणजे नुसती जत्रा. फुटपाथवर कलाकारांच्या नावाचे २,७०० च्या वर तारे बसवलेले, सगळे माना खाली घालून चालणार आणि एकमेकांवर आपटणार, त्यात स्पायडरमॅन फोटोचे पैसे मागतोय. हायाकावाचा तारा मात्र व्हाइन स्ट्रीटला, १६४५ नंबरपाशी. एका भल्या माणसाला विचारलं, तर त्याने मनापासून दारूचं दुकान दाखवलं! आपला 'व' त्यांना डब्ल्यू ऐकू येतो ना. बारा वर्षांचा भाचा पोट धरून हसला, "मावशी, परत म्हण ना!" तीनदा म्हणायला लावलं कार्ट्याने.

आणि बघायला निघालेय कोणाला, तर १९१७ साली 'हाशिमुरा तोगो' नावाच्या कॉमेडीत काम केलेल्या माणसाला. तोगो म्हणजे अमेरिकेत आलेला, घरकाम करणारा जपानी पोरगा. मूळचं पात्र वॉलेस अर्विन या गोऱ्या लेखकाचं, तो १९०७ पासून तोगोच्या नावाने मासिकात मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रं लिहायचा आणि लोक खदाखदा हसायचे. त्याआधी १९१५ च्या 'द चीट'मध्ये हायाकावा नायिकेच्या खांद्यावर तापलेल्या शिक्क्याने डाग देणारा खलनायक. त्यावर इथले जपानी लोक भडकले होते, पण गोऱ्या बायका त्याच्यावर फिदा. एवढा देखणा हिरो, आणि रोल काय, तर एकतर राक्षस नाहीतर घरगडी. शेवटी वैतागून १९१८ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली त्याने.

भाच्याला हे सगळं सुनवणार होते, पण शाळेत केरळच्या बाईंच्या इंग्रजीची नक्कल करून मीच टाळ्या घेतल्यात, कुठल्या तोंडाने बोलू?

तारा सापडला. त्यावर च्युइंगम चिकटलेलं. पार्किंगच्या पावतीने खरवडलं, लोक बघत होते, बघू देत. हायाकावा ज्याच्या सिनेमांत काम करायचा त्या निर्माता लास्कीचा जुना स्टुडिओ इथेच पुढच्या सेल्मा ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर होता, म्हणजे ज्या रस्त्यावर कामाला यायचा त्याच रस्त्यावर तारा, हे मला फार आवडलं.

येताना त्या दुकानातून भावोजींसाठी एक बाटली घेतली. तिथे मात्र 'वाइन' पहिल्या फटक्यात समजलं.