सात पाऊणे सव्वापाच

मावसबहिणीच्या लेकीचं लग्न श्रीवर्धनला ठरलं आणि तिच्याकडच्या सगळ्या बायकांच्या मिळून एकोणीस साड्या माझ्या मशीनपाशी येऊन पडल्या. धायरीत घरातूनच फॉल-पिको करते मी, सोळा वर्षं झाली. एकोणिसाव्या साडीचा शेवटचा टाका घातला तेव्हा गुरुवारची रात्र, सव्वाबारा वाजलेले. माझी स्वतःची विसावी साडी तशीच घडीत. सकाळी सहाला निघायचं होतं. कोरा फॉल घेतला आणि लावून टाकला. न भिजवता. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गाडीत आम्ही तिघं. हे, मी आणि नाना, म्हणजे माझे सासरे. नानांचं वय ऐंशी. गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं ठणठणीत. ह्यांनी फोनवर यादी करून आणली होती: दिवेआगरचा सुवर्णगणेश, शेखाडीचा समुद्राकाठचा रस्ता, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे बाणकोटचा किल्ला, वेळासची कासवं, आणि जमलं तर जंजिरा. हे सगळं अडीच दिवसांत, मध्ये एक लग्न. नानांनी ताम्हिणी घाट लागेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, लग्नाला चाललोय की मोजणीला?"

घाटात सावर फुललेली. पानं एक नाही, नुसती लाल फुलं. मुळशीच्या पुढे दोनदा थांबलो, एकदा चहाला, एकदा नानांना पाय मोकळे करायला. मग निजामपूर, माणगाव, म्हसळा. पुण्याहून जेमतेम एकशे साठ-सत्तर किलोमीटर, पण आम्हाला साडेसहा तास लागले. हे सारखे घड्याळ बघत होते.

लग्न मुलाकडच्या वाडीत होतं. वाडी म्हणजे नारळ-पोफळीची. मांडव पोफळींच्या मधोमध, त्यामुळे वर कापड कमी आणि झावळ्या जास्त. पोचलो तेव्हा एक पोरगा पोफळीवर होता. सुपारीचा घड कापून दोरीवरून खाली सोडला, आणि मग उतरायच्या ऐवजी त्याने झाड हलवायला सुरुवात केली. पोफळी ती, मनगटाहून थोडी जाड, तीस-चाळीस फूट उंच. झुकत झुकत शेजारच्या झाडापर्यंत गेली, ह्याने हात घालून ते पकडलं आणि पहिलं सोडून दिलं. ते सपकन मागे गेलं. असा तो चार झाडं जमिनीला पाय न लावता गेला. नवरीची आई सोडून सगळा वधूपक्ष माना वर करून उभा.

अंगणात असोली सुपारी वाळत घातलेली. श्रीवर्धनी रोठा म्हणतात तिला. फोडली की आत पांढरा भाग जास्त, आणि दाताला मऊ. मुलाचे चुलत आजोबा, त्यांना सगळे भाऊकाका म्हणतात, त्यांनी अडकित्त्याने कातरून हातावर ठेवली. वाडीतली निम्मी झाडं एका उंचीची आणि निम्मी पोरसवदा दिसत होती, म्हणून मी विचारलं. "निसर्ग," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की चक्रीवादळ. 3 जून 2020. "सकाळी वाडी होती, संध्याकाळी घरातून थेट समुद्र दिसायला लागला." पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं घेते, म्हणजे तेव्हा लावलेली आत्ता कुठे हाताशी येतायत. एवढं सांगून ते सोलकढीचं बघायला उठून गेले.

संध्याकाळी साडेपाचला समुद्रावर. वाळू ओली, पण पाणी लांब. ह्यांनी फोन काढला, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, तर रविवारी ओहोटी किती वाजता ते शोधायला. रेंज नव्हती. भाऊकाका म्हणाले, "फोन कशाला? तिथी माहीत आहे ना? तिथीला पाऊणने गुणायचं. येईल ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो की वद्य."

आम्ही दोघं तोंडाकडे बघत राहिलो. आणि मागून नानांचा आवाज आला, शाळेतल्या पोरासारखा, एका सुरात:

"एक पाऊण पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार..."

"आज पंचमीच!" भाऊकाका म्हणाले. "पावणेचारला भरती होऊन गेली. बघा, वाळू कुठवर भिजलीय."

पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, नानांनी लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली. 1957 साली नवे पैसे आले, आणे-पै गेले, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून पाऊणकीला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते, म्हणजे पाऊण तासाला थोडं वर. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण खडकावर कधी जायचं याचा अंदाज यायला तेवढं पुरतं. "रविवारी सप्तमी," नाना म्हणाले. "सात पाऊणे सव्वापाच. ओहोटी सव्वाअकराला. मग साडेदहाला देवळात." ह्यांच्या यादीतलं बाकी सगळं त्या क्षणी गळालं, पण ते त्यांना रविवारपर्यंत समजलं नाही.

लग्न छान झालं. मी मुंडावळ्यांपेक्षा हूक जास्त बघितले. नवरीच्या ब्लाउजचा एक, करवलीचे दोन, आणि मुलाच्या आत्याच्या साडीचा पिको सुटलेला (माझा नव्हे). पंगतीत केळीच्या पानावर उकडीचे मोदक, नारळ वाडीतलाच. मी पाच खाल्ले. दुपारी नानांना पेशव्यांचं स्मारक बघायचं होतं, ते चालत दहा मिनिटांवर. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच, सिद्दीच्या जाचाला कंटाळून वर घाटावर आले आणि 1713 ला पेशवे झाले. नाना पुतळ्यासमोर जरा वेळ उभे राहून म्हणाले, "हे इथेच राहिले असते तर आपल्याला शनिवारवाड्यापाशी गाडी लावायला जागा मिळाली असती." कसब्यात जन्म काढलेला माणूस, त्याची तक्रार ती.

रविवारी हरिहरेश्वर. श्रीवर्धनपासून वीसेक किलोमीटर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, अशी तिथली रीत. दर्शन झालं तेव्हा अकराला दहा कमी. नाना देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसले, हे त्यांच्याजवळ थांबले, आणि मी निघाले. लग्नातलीच साडी नेसलेली, कारण पिशवी गाडीच्या तळाशी होती.

देवळामागून थोडं चढायचं, मग दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात. उतरताना समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. शेवटच्या पायरीवर एकदम उघडं. पाणी मागे सरलेलं आणि खडकाचा सपाट ओटा मोकळा पडलेला, काळा, ओला, खेकड्यांचा. भरतीला हा सगळा पाण्याखाली असतो. लाटेने माणसं ओढून नेलीत इथून, तसे फलकही आहेत, आणि तरी एक घोळका अगदी कडेला जाऊन फोटो काढत होता.

मी कड्याकडेने चालले. आणि मग ती भिंत आली. पुरुषभर उंचीची, सगळी भोकाभोकांची. काही बोट जाईल एवढी, काही मूठ मावेल एवढी, दोन भोकांमधला दगड इतका पातळ की कड हाताला लागावी. मला हकोबाचं कापडच आठवलं. तेच, भोक आणि भोवती काठ. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात मुरतात, उन्हाने पाणी उडतं, मिठाचे खडे आत फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. मी एका भोकात बोट घातलं. आत खरखरीत, जिभेला लावलं तर खारट. किती वेळ उभी होते कळलं नाही. सोळा वर्षं काठ आणि भोकं करून पोट भरणाऱ्या बाईने तिथून लवकर निघावं तरी कसं?

तेवढ्यात एक लाट, मोठी नाही, पण ओट्यावरून सरळ चालत आली आणि घोट्यापर्यंत भिजवून गेली. निऱ्यांची खालची वीतभर चिंब.

वर आले तर नाना घड्याळ धरून बसलेले. "पावणेबारा. ओहोटी संपून अर्धा तास झाला. पाणी फिरलं असणार." साडी दाखवली. त्यांना आनंद लपवता येईना.

बागमांडल्याला गेलो, पण फेरीबोट नुसती बघितली. सावित्रीचं मुख तिथे, महाबळेश्वरहून निघालेली ती तिथे समुद्राला मिळते, आणि पलीकडे बाणकोट. बोटीत दोन ट्रक, काही मोटारसायकली आणि एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. ह्यांनी एकदा नानांकडे बघितलं, एकदा माझ्या साडीकडे, आणि गाडी वळवली. वेळासची कासवं राहिली. रात्री साडेनऊला धायरी.

दुसऱ्या दिवशी साडी धुतली, वाळत घातली, आणि काठ पाहून हसावं की रडावं कळेना. फॉल आटला होता. सगळ्या काठाला चुण्या, जणू परकराची नेफ्याची बाजू. सुती फॉल आधी भिजवून, आटवूनच लावायचा असतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. आता सगळा उसवायला घेतलाय.

नाना सकाळी उठून आधी कालनिर्णयापाशी जातात. तीन दिवस झाले. मी उसवत बसलेली असते आणि आतून आवाज येतो. आजचा होता, "दशमी. दहा पाऊणे साडेसात." मग स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "हरिहरेश्वरला भरती झालेली दिसतेय. चहा टाकतेस?"