भाव सरकारचा, काटा आपला

फेअरट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला न्याय्य मोबदल्याची हमी देणारा शिक्का असलेल्या चॉकलेटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: शेतकऱ्याला भाव किती जास्त मिळतो? घानापुरतं बोलायचं तर पोत्यामागे रोख भावात फारसा फरक नसतो. तिथे कोकोचा खरेदीभाव सरकारी मंडळ, म्हणजे कोकोबॉड, जाहीर करतं. निर्यातीची सूत्रंही त्याच्याच उपकंपनीकडे असतात. मग शेतकऱ्यांच्या मालकीची संस्था हवी कशाला? वजनासाठी.

गावातली कोको खरेदी 1992-93 च्या हंगामात परवानाधारक कंपन्यांना खुली झाली. त्यानंतर 1993 मध्ये शेतकऱ्यांनी कुआपा कोको ही संस्था काढली. ब्रिटनच्या ट्विन ट्रेडिंग या न्याय्य व्यापार करणाऱ्या कंपनीची मदत होती, पण खरेदीचा परवाना संस्थेनं स्वतःच्या कंपनीच्या नावावर घेतला. हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. भाव वरून ठरलेला असला की खरेदीदाराला हात मारायला वजनाचीच जागा उरते, आणि काटा मारणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या ऊसवाल्याला समजावून सांगायला नको.

खरेदी कंपनीचा गावातला कारकून काटा मारतो तो नेहमी निव्वळ हावरटपणानं नाही. त्याला पोत्यामागे कमिशन असतं आणि गोदामात तूट निघाली तर ती त्याच्या अंगावर येते. पोतं भरतं बारदानासकट 64 किलोचं. माल 10 टक्के ओलाव्याचा घेतला आणि गोदामात पोहोचेपर्यंत तो साडेसात टक्क्यांवर वाळला, तर त्याच पोत्यात पावणेदोन किलोच्या आसपास घट येते. ही घट तो आधीच शेतकऱ्याच्या मापातून कापून ठेवतो.

कुआपामध्ये ही जागा 'रेकॉर्डर'ची. गावातली प्राथमिक सोसायटी आपल्यातलाच माणूस निवडते. तो वजन करतो, सभासदाच्या पासबुकात नोंद करतो, पैसे देतो. गावानं निवडलेला माणूस गावच बदलू शकतं, हा खरा धाक. पण त्यानं शेजाऱ्याची भीड धरून ओला माल घेतला की तूट सोसायटीच्या गळ्यात पडते. म्हणून चांगला रेकॉर्डर आधी मूठभर बिया हातात घेऊन दाबतो. वाळलेली बी कुरकुरते, ओली दबते.

त्याआधीचं काम शेतावरचं. फळं फोडून गरासकट बिया केळीच्या पानांवर ढिगानं रचायच्या, रस निथळेल असा उतार ठेवायचा, वरूनही पानं झाकायची. साधारण सहा दिवस आंबवण, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी ढीग उलटायचा. आतलं तापमान 45 ते 50 अंशांपर्यंत चढलं पाहिजे. लहान शेतकरी इथेच अडतो: एका तोडणीत फळं थोडी, ढीग छोटा, त्यामुळे तो तापत नाही. बी आतून पाटीसारखी करडी राहते आणि तिला चॉकलेटची चव येत नाही. दोघातिघांनी तोडणी एकाच दिवशी धरून ढीग एकत्र घातला तर हे टळतं. मग उंच मांडवावर चटईवर आठवडाभर किंवा जास्त वाळवण, पाऊस आला की गुंडाळायची धावपळ.

गोदामात सरकारी तपासनीस 300 बिया उभ्या चिरून बघतो. पहिल्या प्रतीसाठी बुरशीच्या 3 टक्क्यांहून जास्त चालत नाहीत, करड्याही तितक्याच. पास झाल्यावर पोत्याला सील लागतं.

फेअरट्रेडचा पैसा येतो तो प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, म्हणून. 2019 च्या ऑक्टोबरपासून तो टनाला 240 डॉलर झाला. टनाची 16 पोती, म्हणजे पोत्याला 15 डॉलर. ऐकायला बरं वाटतं, पण तो फक्त फेअरट्रेड म्हणून विकल्या गेलेल्या मालावर मिळतो. संस्थेचा निम्माच माल त्या नावानं गेला, तर सरासरी पोत्याला साडेसातवर येते. हा पैसा संस्थेकडे जमा होतो आणि सभासदांचे प्रतिनिधी सभेत त्याचा विनियोग ठरवतात: विहिरी, शाळा, कोयते, थोडा रोख बोनस. किमान हमीभावाचं म्हणाल तर तो टनाला 2,400 डॉलर होता, आणि 2024 च्या अखेरीस बाजार 10,000 च्या वर गेला तेव्हा त्या हमीला कोणी विचारलंही नाही.

चॉकलेट कंपनीतली भागीदारी हा वेगळा प्रयोग. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, पुढे डिव्हाइन या नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीत कुआपाचा वाटा 40 टक्क्यांच्या वर होता. 2020 मध्ये जर्मन उत्पादकानं कंपनी घेतली आणि तो 20 टक्क्यांवर आला. मालकी होती तरी लाभांशावर घर चाललं नाही. संचालक मंडळात बसून बाजार कळला, हा फायदा मात्र मोठा.

संस्था सगळ्यात जास्त अडचणीत येते ती रोख रकमेपायी. हंगामाच्या तोंडावर खरेदीसाठीची उचल उशिरा आली की रेकॉर्डरकडे द्यायला पैसे नसतात. माल उधारीवर ठेवला तर सभासद चिडतो, परत नेला तर घरात ओलावा धरतो. आणि शाळेची फी भरायची असली की माणूस सभासदत्व बाजूला ठेवून ज्याच्या हातात नोटा आहेत त्याला पोतं देऊन मोकळा होतो, मग त्याचा काटा कसाही असो.