चिऱ्याच्या भिंतीतल्या गोचिड्या आणि आमचा बंड्या

आमचं घर कुडाळजवळच्या एका वाडीत, जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. बाहेरच्या बाजूने गिलावा नाही आणि पडवीत तर आतूनही नाही. चिऱ्याचं घर उन्हाळ्यात गार राहतं, दिसायलाही देखणं असतं. पण त्या दगडाला अंगचीच भोकं असतात आणि जुन्या बांधकामात दोन चिऱ्यांमधल्या दरजा मोकळ्या झालेल्या असतात. गोचिडीला लपायला याहून चांगली जागा मिळायची नाही. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण घरात गोचिड्या झाल्या की लोक कुत्र्याच्या मागे लागतात आणि भिंतीकडे कोणी बघत नाही.

शिमगा झाला आणि बंड्या मलूल पडला. बंड्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, सहसा एका जागी न बसणारा. बांगड्याचं डोकं समोर ठेवलं तरी हुंगून त्याने तोंड फिरवलं, तेव्हाच काळजात धस्स झालं. अंग तापलेलं, हिरड्या पांढरट. कान उलटून बघितला तर आत गोचिड्या. पंजाच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशीही. काही बारीक, चपट्या, तपकिरी; काही रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, राखाडी, अगदी एरंडाच्या बीसारख्या.

डॉक्टरांनी कानाच्या पाळीतून रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काच बनवली आणि नमुना तपासणीला पाठवला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, चाळीस हजारांच्याही खाली आल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. निदान झालं एर्लिकियाचं, गोचिडीतून रक्तात जाणाऱ्या जंतूचं. आपण ज्याला सरसकट 'टिक फिवर' म्हणतो त्यातला हा एक प्रकार. दुसरा बबेसियाचा, त्याचं औषध वेगळं. म्हणून ताप आहे, गोचिड्या आहेत, तर दुकानातून गोळ्या आणून देऊ, असं करून चालत नाही. रक्त तपासायलाच हवं. बंड्याला डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स दिला. ही गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते, त्यामुळे भातात अंडं कालवून त्यातून द्यायचे. पहिल्या काही दिवसांतच तो खायला लागला, पण चांगलं वाटतंय म्हणून गोळी मध्येच थांबवायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

निघताना ते म्हणाले, "ताई, याच्या अंगावर दिसतायत त्या थोड्या. बाकीच्या तुमच्या घरात आहेत. रात्री टॉर्च घेऊन हा झोपतो तिथली भिंत बघा."

रात्री मी आणि मुलाने पडवीतला दिवा घालवून टॉर्च लावला. आम्ही खाली जमिनीलगत शोधत होतो आणि त्या होत्या डोक्याच्या वर. गोचीड रक्त पिऊन खाली पडली की वर चढते. भिंतीवरून वाशापर्यंत, चौकटीच्या फटीत, स्विचबोर्डच्या मागे. भिंतीवरचं कॅलेंडर उचललं तर त्याच्या मागे दरजेत काळपट तपकिरी, चकाकणाऱ्या अंड्यांचा पुंजका होता आणि शेजारीच सुरकुतून मेलेली मादी. तो पुंजका नखाएवढाही नव्हता. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्या पुंजक्याची आठवण येऊन अंगावर काटा आला.

त्यांनी मग कागदावर चक्र काढूनच दाखवलं. ही तपकिरी गोचीड, कुत्र्याचीच. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि खाली उतरतं. फटीत बसून कात टाकतं, आठ पायांचं होतं. पुन्हा चढतं, पितं, उतरतं, कात टाकतं. मग मोठी गोचीड होऊन तिसऱ्यांदा चढते. म्हणजे आयुष्यातले थोडेच दिवस ती कुत्र्यावर असते, बाकी सगळा मुक्काम घरात. उबदार, दमट हवेत हे पूर्ण चक्र साधारण २ महिन्यांत होतं. आणि रक्त मिळालं नाही तर मोठी गोचीड वर्षभराहूनही जास्त काळ उपाशी तग धरते. घर महिनाभर बंद ठेवून गावाला जाऊन येऊ, म्हणजे सगळ्या मरतील, हा विचार आमच्या घरात झाला होता. तो तिथेच संपला.

शेजारच्या गोठ्याचा विषयही निघाला होता. गुरांच्याच गोचिड्या आपल्याकडे आल्या, असं सासूबाईंचं ठाम मत. पण गुरांवरची जी नेहमीची गोचीड, तिची रीत वेगळी. ती पिल्लू म्हणून चढली की कात टाकणं, मोठं होणं सगळं त्याच जनावरावर उरकते आणि अंडी घालायलाच खाली येते. आमच्या भिंतीत ती नव्हती. शेजाऱ्यांशी उगाच वाकडेपणा आला असता, तो टळला.

सासूबाईंची खरी भीती माकडतापाची होती आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात दोडामार्गच्या बाजूला माकडतापाची साथ आली होती, माणसं गेली होती. तो ताप गोचिडीपासूनच होतो. पण ती गोचीड रानातली, वेगळ्या जातीची. काजूच्या बागेत, पाचोळ्यात, मेलेल्या माकडाच्या आसपास तिचा धोका. भिंतीतल्या कुत्र्याच्या गोचिडीमुळे माकडताप होत नाही, हे डॉक्टरांनी सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं तेव्हा त्यांना रात्री झोप लागली. तरी एक सांगते, कुत्र्याची गोचीडही घरात फार झाली तर माणसाला चावते आणि तिच्यातूनही ताप येऊ शकतो. गोचीड चावल्यावर ताप, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना चावल्याचं आवर्जून सांगायचं.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. "अगो, रॉकेल फास, एका दिसात सगळे मरतले," हा वाडीतला सगळ्यात जुना उपाय. रॉकेलने कातडी भाजते आणि जनावर ते चाटतं. तंबाखूचं पाणीही तसंच, निकोटिन हे कुत्र्यामांजरांना विषच आहे. कोणी गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घाला म्हणून सांगितलं. अंदाजाने हा शब्द ऐकला की मी नाही म्हणायचे. घरात मांजर आहे, हे एक कारणच पुरेसं होतं. कुत्र्यांच्या गोचिडीवर वापरतात त्यातली परमेथ्रिन आणि अमिट्राझ ही औषधं मांजराला घातक असतात. कुत्र्याला लावलं आणि मांजर त्याला चिकटून झोपलं तरी बाधू शकतं. आमची मनी तर थंडीत बंड्याच्या पोटाशीच असते.

अंगावरच्या गोचिड्या आम्ही चिमट्याने काढल्या. कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ धरायचं आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढायचं. तेल लावून, काडीने चटका देऊन सुटायची वाट बघायची नाही. त्रास दिला की ती चावलेल्या जागी लाळ सोडते आणि रोग तिथूनच आत जातो. काढलेली गोचीड बोटाने चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची.

पण घर साफ झालं ते गोचिडीवरच्या गोळीमुळे. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सॅरोलानर अशी हल्लीची औषधं चघळायच्या गोळीतून मिळतात. काही महिनाभर चालतात, फ्लुरालानरची साधारण १२ आठवडे. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळी असते, म्हणून आधी वजन करायचं. आमच्या बंड्याला तांदूळ मोजायच्या काट्यावर उभं केलं. ज्या कुत्र्याला कधी झटके आलेत त्याला ही देण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं लागतं. महाग आहे, हे खरं. पण तिचं काम कसं चालतं ते कळलं तेव्हा मला पैशांचं काही वाटलं नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं. भिंतीतली उपाशी गोचीड कुत्र्यावर येते, चावते आणि एक-दोन दिवसांत मरते. अंडी घालायची वेळ तिच्यावर येतच नाही. म्हणजे आपल्याला ज्या फटीत हात घालता येत नाही, झाडू पोचत नाही, तिथलीही गोचीड आपण होऊन बाहेर येते आणि संपते.

आणि म्हणूनच, "ह्या कुत्र्याक खंय तरी नेऊन सोडा," असं सांगणाऱ्यांना मी शांतपणे हेच सांगत राहिले. बंड्याला सोडलं असतं तर भिंतीतल्या गोचिड्या काही त्याच्या मागोमाग गेल्या नसत्या. त्या उपाशी बसून राहिल्या असत्या, नाहीतर आम्हाला चावल्या असत्या. औषध दिलेला कुत्रा घरातच हवा, नेहमीच्याच जागी झोपायला हवा. आजारी जनावराला रस्त्यावर टाकायचं, हा उपाय म्हणून कोणाच्या तोंडी येतो याचंच मला वाईट वाटतं. मनीला मांजरांसाठीचंच फिप्रोनिलचं औषध मानेवर लावलं, कुत्र्याचं अर्धं करून नव्हे.

आता भिंत. पडवीतलं सगळं सामान खळ्यात, म्हणजे अंगणात काढलं. बंड्याचं गोणपाट जाळलं, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या आणि उन्हात टाकल्या. व्हॅक्युम क्लीनरचं निमुळतं तोंड प्रत्येक दरजेतून फिरवलं. मग आतली पिशवी लगेच बाहेर नेऊन बांधून जाळायची, नाहीतर त्यातून परत बाहेर येतात. बारीक पिल्लं भिंतीवर धुळीसारखी हलताना दिसली की चिकटपट्टीने उचलायची. अंड्यांचे पुंजके खरवडून साबणाच्या पाण्यात. हे काम किळसवाणं आहे, पाठ मोडते, पण अंड्यांसाठी दुसरा इलाज नाही, कारण फवाऱ्याचा अंड्यांवर नीटसा परिणाम होत नाही.

फवारणी परवाना असलेल्या माणसाकडून करून घेतली, डेल्टामेथ्रिनची. त्याने मध्येच फरशीवर नुसतं शिंपडायला सुरुवात केली, तेव्हा त्याला थांबवून टॉर्चने जागा दाखवल्या: वाशांचे सांधे, चौकटी, खाटेच्या खाचा, दरजा. मुलाची माशांची टाकी त्याआधीच शेजारी नेऊन ठेवली होती. या जातीचं औषधच माशांना अतिशय विषारी. टाकी हलवता येत नसेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवावा लागतो. बंड्या आणि मनी भिंती पूर्ण वाळेपर्यंत मागच्या खोलीत. मांजरासाठी हे फार महत्त्वाचं, ओलं औषध पायाला लागलं तर ते चाटून पोटात जातं. काही आठवड्यांनी, राहिलेली अंडी फुटल्यावर, पुन्हा फवारलं.

मग गवंडी बोलावून पडवीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. गिलावा मी करू दिला नाही, चिरा दिसायला हवाच. पण कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यातली भोकंसुद्धा बुजवली. सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

पाऊस सुरू झाला आणि धीर सुटायची वेळ आली. सगळं करूनही बंड्याच्या अंगावर अधूनमधून एखादी दिसायचीच. पण नीट बघितलं तर ती वाळलेली, मेलेली किंवा सुस्त असायची, फुगलेली नाही. हाच फरक बघायचा असतो. अंगावर गोचीड दिसली म्हणजे औषध फुकट गेलं असं होत नाही. ती फुगून खाली पडते आहे का, हे महत्त्वाचं. गोळीची तारीख चुकू दिली नाही. ओल्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तेव्हा बंड्याचं अंथरूण म्हणून जुन्या सुती साड्यांचे तुकडे केले, उकळून घेऊन चुलीच्या उबेला वाळवता येतात. श्रावणात टॉर्च घेऊन फिरले तर भिंतीवर काही नव्हतं. गणपतीत चाकरमानी आले, मुलं पडवीत चटयांवर झोपली.

प्लेटलेट्स परत तपासल्या, भरून आल्या आहेत. बंड्याला रोज संध्याकाळी चाचपते: कान, बेचक्या, काखा, गळपट्ट्याखाली. गोळी चालू असली तरी हे सोडायचं नाही, कारण रोगाचा जंतू गोचीड मरण्याआधीही अंगात जाऊ शकतो.

राहिली होती वाडीतली मोकाट कुत्री. आमच्या खळ्यात दुपारी त्यातली दोन येऊन बसतात, आणि त्यांच्या अंगावरची फुगलेली गोचीड आमच्याच पायरीखाली अंडी घालणार. चार घरांत वर्गणी काढली, डॉक्टरांना विचारून वजनाच्या अंदाजाने नव्हे तर खरंच काट्यावर उभं करून त्यांनाही गोळ्या दिल्या. एक कुत्री काट्यावर चढेना, तेव्हा शेजारच्या काकूंनीच, ज्यांनी रॉकेल सांगितलं होतं, तिला उचलून घेतलं आणि आधी दोघींचं, मग एकटीचं वजन केलं. पुढची गोळी दिवाळीच्या आधी आहे. यादी आमच्या फ्रिजवर लावली आहे, त्यात आता त्यांचीही नावं आहेत.