‘दादास, पहिल्या पगारातून’

आज पार्सल फोडलं आणि तबकडी बाहेर काढायच्या आधीच कव्हरची मागची बाजू दिसली. निळ्या शाईत, जरा तिरकं: ‘दादास, पहिल्या पगारातून. १९७१.’

बीटल्स या इंग्लिश बँडचा ‘ॲबी रोड’ हा अल्बम. मूळ १९६९चा, पण ही प्रत आपल्याकडची, कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यात तयार झालेली.

विकणाऱ्याने लिलावात लिहिलंच होतं, ‘कव्हरवर लिखाण आहे, दर्जा एक पायरी खाली.’ नियमाने बरोबर आहे. संग्राहकांच्या प्रतवारीत शाई, शिक्का, स्टिकर, सगळे दोषच. शेवटच्या मिनिटात बोली चढली नाही ती त्यामुळेच, नाहीतर मला परवडली नसती.

पण संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. पहिला पगार, आणि त्यातून भावासाठी एलपी! दुसऱ्या बाजूला ‘हिअर कम्स द सन’ सुरू होतं तिथे सुईच्या रेघा सगळ्यात जास्त आहेत. दादाने ते पुन्हा पुन्हा लावलं असणार.

तबकडी हळुवार धुतली. कव्हरवरच्या अक्षरांना मात्र हात लावला नाही.

ही विकायला कुणी काढली असेल? दादानेच, की त्याच्यामागे घर आवरणाऱ्या कुणी?

तुमच्याकडच्या एखाद्या रेकॉर्डवर असं काही लिहिलेलं आहे का?