अल्याड, पल्याड आणि 'मिएगाकुरे'

'मिएगाकुरे' हा शब्द जपानी बागांमधला. पायवाट मुद्दाम वळवायची, झाडं-दगड असे मांडायचे की कुठूनही अख्खी बाग एकदम दिसू नये. एक कोपरा उलगडला की दुसरा झाकला जावा. आपल्या भाषेत लपंडावच. मार्क टेन बॉश यांनी आपल्या पझल गेमला हे नाव दिलं आणि ते अगदी चपखल आहे, कारण या गेमचं जग चार मितींचं आहे आणि स्क्रीनवर एका वेळी त्यातल्या तीनच दिसतात. २००९ पासून या गेमची चर्चा आहे. तो अजून विक्रीला आलेला नाही आणि त्याची वाट पाहणारे अजूनही आहेत.

'गेम खरंच येणार आहे का?' हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. विचारावा, त्यात गैर काही नाही. पण 'इतकी वर्षं काय करतायत?' याचं उत्तर बऱ्यापैकी उघड्यावर पडलेलं आहे आणि ते समजून घेतलं की वाट पाहणं नुसतं ताटकळणं राहत नाही. म्हणून आधी गेम चालतो कसा ते पाहू, मग वेळ कुठे जातो ते.

चौथ्या दिशेला आधी नाव हवं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश गणितज्ञ चार्ल्स हिंटन यांनी तिला 'ॲना' आणि 'काटा' अशी नावं दिली होती. आपल्याकडे 'अल्याड-पल्याड' तयारच आहे. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, वर-खाली आणि अल्याड-पल्याड. चौथी दिशा म्हणजे काळ नव्हे. गैरसमज होतो तो बहुतेक इथेच. इथे चौथी मिती ही बाकीच्या तिघींसारखीच चालायची दिशा आहे, मागे-पुढे दोन्हीकडे जाता येणारी.

गेममध्ये बटण दाबलं की दिसणाऱ्या एका मितीची जागा लपलेली मिती घेते. खेळाडू असतो तिथेच राहतो, बदलतो तो आपल्याला दिसणारा काप. हे वाचून डोक्यात शिरत नाही, करून पाहिलं की शिरतं. आलेखाचे तीन कागद घ्या. प्रत्येकावर ५ × ५ चौकटी आखा आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे रकान्यांना १ ते ५ आकडे द्या, ओळींनाही तसेच. पहिल्या कागदावर हिरवी पेन्सिल फिरवा, ते गवत. दुसऱ्यावर पिवळी, ती वाळू. तिसरा कोराच ठेवा, तो बर्फ. पहिला कागद सगळ्यात अल्याडचा, तिसरा सगळ्यात पल्याडचा. आता गवताच्या कागदावर तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत काळा करा. ही भिंत, वळसा घालायला जागा नाही. वाळू आणि बर्फ मोकळे. उंची तूर्तास विसरा.

तुम्ही गवतावर आहात, रकाना १, ओळ ४. जायचंय भिंतीपलीकडे. एक पाऊल चालून रकाना २ मध्ये या, भिंतीला नाक लावून. बटण दाबा. पूर्व-पश्चिम नाहीशी झाली, अल्याड-पल्याड दिसू लागली. आता स्क्रीनवर काय असेल? तिन्ही कागदांचा फक्त दुसरा रकाना, एकमेकांना चिकटवून ठेवलेला: हिरवी पट्टी, पिवळी पट्टी, पांढरी पट्टी. भिंत यात कुठेच नाही, कारण ती तिसऱ्या रकान्यात होती. एक पाऊल वाळूवर टाका. परत बटण. आता अख्खा वाळूचा कागद समोर आहे आणि तुम्ही रकाना २ मध्ये. दोन पावलं पूर्वेला, रकाना ४. बटण. पुन्हा तीन पट्ट्या, पण या वेळी चौथ्या रकान्याच्या. एक पाऊल हिरव्या पट्टीवर. बटण. गवतावर परत आलात आणि भिंत पाठीमागे आहे. एकूण पाच पावलं, चार वेळा बटण. ओळ शेवटपर्यंत ४ च राहिली हेही बघून ठेवा. बटण उत्तर-दक्षिणेला हात लावत नाही.

इथे चुका ठरावीक होतात. पहिली म्हणजे बटण कुठेही दाबलं तरी सारखंच, असं वाटणं. तसं नाही. ज्या रकान्यात उभे आहात त्याचीच पट्टी दिसते. वाळूच्या कागदावर रकाना २, ओळ ४ मध्ये एखादा दगड असता तर तिथे पाऊल पडलंच नसतं, ओळ बदलून यावं लागलं असतं. दुसरी चूक ढकलायच्या ठोकळ्यांची. पट्ट्या दिसत असताना ठोकळा गवतावरून वाळूवर सरकवला आणि बटण दाबून पुन्हा गवत समोर आणलं, की ठोकळा गायब. नवखा माणूस लेव्हल पहिल्यापासून सुरू करतो. ठोकळा कुठेही गेलेला नसतो, तो एक कागद पल्याड असतो.

खरा गेम याच्या एक मिती वर आहे: कागदांच्या जागी उंचीसकट तीन मितींचे छोटे देखावे. बटण दाबल्यावर प्रत्येक देखाव्याचा एकेक काप शेजारी-शेजारी लागतो आणि जमिनीचा रंग पाहून कोणता काप कुठला ते ओळखायचं. युक्ती मात्र तीच. बंद तिजोरीतली वस्तू बाहेर काढणं, दोन अखंड कड्या न तोडता एकमेकींत अडकवणं, हे सगळं तिच्यातूनच निघतं. आपल्या जगात खोली बंद करायला चार भिंती, जमीन आणि छत अशा सहा बाजू पुरतात. चार मितींत आठ लागतात, कारण प्रत्येक मितीच्या दोन बाजू. सहाच बंद केल्या तर अल्याड आणि पल्याड सताड उघडं.

आता वेळेचं. आपल्या सवयीचे थ्री-डी गेम त्रिकोणांवर उभे असतात. साधा घन म्हणजे सहा पृष्ठं, प्रत्येकाचे दोन, एकूण १२ त्रिकोण. ग्राफिक कार्डं, मॉडेलिंगची सॉफ्टवेअरं, चित्रकारांचे हात, सगळं याच हिशोबावर बसलेलं आहे. चार मितींच्या वस्तूचं 'पृष्ठ' स्वतःच तीन मितींचं असतं, त्यामुळे त्रिकोणाऐवजी चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे भरीव आकार, घ्यावे लागतात. घनाचा चार मितींतला भाऊ म्हणजे टेसरॅक्ट: १६ शिरोबिंदू, ३२ कडा, २४ चौरस आणि बाहेरून ८ घन. एका घनाचे कमीत कमी ५ चतुष्फलक होतात, म्हणजे नुसता एक ठोकळा ४० चतुष्फलकांचा.

आणि हे चतुष्फलक थेट दाखवायचे नाहीत, कापून दाखवायचे. प्रत्येकाचे चार शिरोबिंदू आपल्या कापाच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघायचं. चारही एकाच बाजूला असतील तर काहीच काढायचं नाही. एक इकडे, तीन तिकडे असतील तर त्रिकोण मिळतो. दोन-दोन असतील तर चौकोन, म्हणजे दोन त्रिकोण. छेदबिंदू काढणं सोपं आहे: कडेचं एक टोक ३ एकक अल्याड आणि दुसरं १ एकक पल्याड असेल, तर बिंदू पहिल्या टोकापासून पाऊण अंतरावर. घोटाळा होतो तो शिरोबिंदू नेमका कापावरच पडला की. तो अल्याड धरायचा की पल्याड, हा नियम सगळीकडे एकच नसेल तर वस्तूला भोकं पडतात किंवा ती लुकलुकते. चौकटींच्या जगात शिरोबिंदू नेमके कापावर पडणं ही नेहमीचीच गोष्ट.

रंगकामाचीही तीच गत. बटण दाबल्यावर काप फिरतो तेव्हा दर फ्रेमला नवे त्रिकोण तयार होतात. सपाट चित्र वस्तूवर गुंडाळायची नेहमीची पद्धत इथे कामाची नाही. रंग वस्तूत आतून भिनलेला लागतो, लाकडाच्या रेषांसारखा, कुठूनही कापलं तरी दिसणारा.

मग वस्तूंची रचना. साधं तीन पायांचं स्टूल घ्या. आपल्याकडे ते डुगडुगत नाही. चार मितींत जमीनच तीन मितींची असते, त्यामुळे टेकायला निदान चार पाय लागतात आणि तेही एका प्रतलात नसलेले. तिपाई तिथे अल्याड नाहीतर पल्याड कलंडणारच. झाडाच्या फांद्या चौथ्या दिशेलाही फुटणार, त्यामुळे एखाद्या कापात पानांचा झुबका खोडाशिवाय हवेत तरंगताना दिसेल. तो दोष नव्हे, फांदी कापाबाहेरून वळून आलेली आहे. असं झाड कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये काढता येत नाही, आधी ते काढायचं अवजार बनवावं लागतं.

फिरणाऱ्या वस्तूंचं गणित तर मुळापासून बदलतं. आपण म्हणतो भोवरा आसाभोवती फिरतो. चार मितींत 'आस' ही कल्पनाच चालत नाही. वस्तू प्रतलात फिरते. दोन मितींत असं प्रतल १, तीन मितींत ३, चार मितींत ६. शिवाय एकाच वेळी दोन स्वतंत्र फिरक्या शक्य: एक पूर्व-उत्तर प्रतलात, दुसरी वर-पल्याड प्रतलात, एकीचा दुसरीला स्पर्शही नाही. तीन मितींत फिरवायला चार आकड्यांचा गट पुरतो, इथे आठ लागतात. टेन बॉश यांनी हे कुठल्याही संख्येच्या मितींसाठी मांडलं आणि २०२० च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत त्यावर त्यांचा शोधनिबंध आला. गेम अर्धवट टाकून दिलेला माणूस असं काम करत नाही, हे माझं स्पष्ट मत. त्यांना 'फसवणूक' म्हणून हिणवणाऱ्यांनी तो निबंध निदान चाळावा.

त्याच कामातून २०१७ च्या जूनमध्ये 'फोर-डी टॉइज' आलं. आयफोन-आयपॅडवर आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतं. हा गेम नाही, पेटीभर खेळणी आहेत आणि अल्याड-पल्याड सरकायला एक स्लाइडर. वाट पाहणाऱ्याने हे घ्यावंच, पण सगळी खेळणी भराभर उघडत सुटू नये. आधी एकटा गोल घ्या. स्लाइडर सावकाश सरकवा: ठिपका उमटतो, चेंडू होतो, फुगतो, आक्रसतो, नाहीसा होतो. हिशोब शाळेतल्या पायथागोरसचा. त्रिज्या ५ असेल तर मध्यापासून ३ एकक सरकल्यावर दिसणारा चेंडू ४ त्रिज्येचा, ४ एककांवर ३ चा, ५ वर नुसता बिंदू. हा आकडेमोडीचा ताळा डोळ्यांनी दोन-चारदा पटला की मगच पुढे.

मग टेसरॅक्ट. इथे भेंडी आठवा. आडवी चिरली तर पाचकोनी चकती, उभी चिरली तर लांब फाक. भाजी तीच, सुरीची दिशा वेगळी. टेसरॅक्ट सपाट बाजूने आला तर घन एकदम प्रकटतो, तसाच राहतो आणि एकदम जातो. कोपऱ्याकडून आला तर आधी इवलासा चतुष्फलक दिसतो. कर्णाच्या पाव अंतरापर्यंत तो वाढतो, मग त्याचे कोपरे छाटले जाऊ लागतात, आणि बरोबर मध्यावर सहा टोकांचा, आठ बाजूंचा नितळ अष्टफलक तयार होतो. तो क्षण पकडायचा प्रयत्न करा, फार देखणा आहे. खेळणं घरंगळत दिसेनासं झालं तर घाबरू नका. ते अल्याड किंवा पल्याड लवंडलं आहे, स्लाइडरने मागोवा घेतला की सापडतं.

चार मितींत काहीतरी पूर्ण खेळायचंच असेल तर २०२४ साली आलेला, 'कोडपरेड' या नावाने गेम बनवणाऱ्याचा 'फोर-डी गोल्फ' आहे. 'मिएगाकुरे'ची भूक त्याने भागत नाही, कारण तिथे नेम लागतो आणि इथे युक्ती. पण हात बसायला उत्तम.

तोवर कागदांवर आणखी एक कोडं. गवतावर मधल्या चौकटीत, म्हणजे रकाना ३, ओळ ३ मध्ये, किल्ली ठेवा आणि तिच्याभोवतीच्या आठही चौकटी काळ्या करा. वाळूवर त्याच मधल्या चौकटीत ढकलता येणारा एक ठोकळा. बर्फ मोकळा. सुरुवात गवतावर रकाना १, ओळ ३ मधून. बहुतेकजण वाळू ओलांडून बर्फावर जातात, मधल्या चौकटीत उभे राहतात आणि पट्ट्यांमधून ठोकळा अल्याड ढकलतात. ठोकळा जाऊन किल्लीवरच बसतो आणि कोडं फसतं. वाळूवर तो पश्चिमेकडून पूर्वेला ढकलून पाहा, आणि ढकलल्यावर आपण स्वतः कोणत्या चौकटीत उभे आहोत ते बघा.